मध्ययुगात फार थोडा काळ टिकलेल्या पोपांपैकी तुम्हाला कोण महत्त्वाचा वाटतो?

प्रश्नाखाली तुम्ही असंही विचारलंय, की एकीकडे सम्राट आणि दुसरीकडे रोममधली भांडखोर घराणी, अशा कात्रीत सापडलेला पोप वर्षभरात करून करून काय करणार?

माझं उत्तर : दुसरा गेलासियस. निवड २४ जानेवारी १११८, मृत्यू २९ जानेवारी १११९. एक वर्ष आणि पाच दिवस. नुसते दिवसच मोजायचे तर याहून कमी टिकलेले बरेच सापडतील. १०४८ मधल्या दुसऱ्या दमाससला तर महिनाही मिळाला नाही. पण गेलासियसने या एका वर्षात मार खाल्ला, कैद भोगली, तीनदा रोम सोडलं किंवा सोडावं लागलं, आणि तरी एका कागदावर सही केली नाही. त्या सहीसाठीच सगळं चाललं होतं, म्हणून थोडं मागून सांगतो.

त्याचं मूळ नाव जोव्हान्नी, गाव गाएता. रोमच्या दक्षिणेला समुद्रकाठी आहे ते. लहानपणी मोन्ते कॅसिनोच्या मठात शिकला, तिथेच संन्यासी झाला. दुसऱ्या अर्बनने, म्हणजे ज्याने पहिल्या धर्मयुद्धाची हाक दिली त्या पोपने, त्याला रोमला बोलावून कचेरी हाती दिली. आपल्याकडच्या शब्दांत सांगायचं तर हा पोपचा चिटणीस, आणि तोही जवळजवळ तीस वर्षं! पोपच्या लॅटिन पत्रांत वाक्याचा शेवट ठरावीक लयीत करायची पद्धत त्यानेच रुजवली. हयात लेखणी हातात धरून गेलेला माणूस. त्याला तलवारी उपसलेल्या लोकांच्या मधोमध उभं केलं गेलं, हे लक्षात ठेवून पुढचं वाचा.

भांडण कशाचं होतं? साताऱ्याहून पेशवाईची वस्त्रं आली की पेशवा पेशवा होत असे. ज्याच्या हातून वस्त्रं, त्याची सत्ता मान्य. युरोपात बिशपला अशीच अंगठी आणि दंड, म्हणजे पदाची खूण असलेली काठी, मिळायची. हा मान राजाच्या हातून मिळायचा की चर्चच्या, यावर अर्धशतकभर रक्त सांडलं. बिशप म्हणजे नुसता धर्मगुरू नव्हे, त्याच्याकडे जमिनी, किल्ले, सैन्य, जकातीचे हक्क. जर्मन राजाला तो आपला माणूस हवा होता. चर्चला वाटे, आत्म्याची जबाबदारी ज्याच्यावर, त्याची नेमणूक तलवारवाल्याने करणं हे पाप आहे.

फेब्रुवारी ११११ मध्ये जर्मन राजा पाचवा हेन्री सम्राट म्हणून राज्याभिषेक करून घ्यायला रोमला आला. सेंट पीटर्समध्येच बोलणी फिसकटली आणि त्याने पोप दुसरा पास्काल आणि त्याच्या कार्डिनलांना, म्हणजे पोप निवडणाऱ्या वरिष्ठ धर्मगुरूंना, कैद केलं. आपला चिटणीस त्या कैद्यांत होता. दोन महिन्यांनी पास्काल नमला. अंगठी-दंडाचा हक्क त्याने हेन्रीला लिहून दिला, तुला कधी बहिष्कृत करणार नाही अशी शपथही घेतली, आणि १३ एप्रिलला त्याच्या डोक्यावर मुकुट ठेवला. पुढच्याच वर्षी लॅटरनच्या, म्हणजे रोममधल्या पोपच्या वाड्यातल्या, धर्मसभेने तो करार रद्द ठरवला. पण आपल्याच लोकांकडून व्हायची ती नाचक्की झालीच. १११६ च्या सभेत तर पोपवर पाखंडाचा आरोप करण्यापर्यंत मजल गेली, तेव्हा पास्कालच्या बाजूने उभा राहिला तो हाच जोव्हान्नी. मानेवर सुरी ठेवून घेतलेली सही माणसाचं काय करते, हे त्याने अगदी जवळून पाहिलं होतं.

जानेवारी १११८ मध्ये पास्काल वारला. कार्डिनल घाईघाईने आणि गुपचूप पॅलाटाइन टेकडीवरच्या सांता मारिया इन पाल्लारा या छोट्या चर्चमध्ये जमले आणि त्यांनी जोव्हान्नीला निवडलं. त्याने नाव घेतलं गेलासियस. पहिल्या गेलासियसने ४९४ मध्ये सम्राटाला लिहिलं होतं, की जग चालवणाऱ्या सत्ता दोन, आणि त्यात धर्मगुरूंवरचा भार जास्त जड. तीस वर्षं जुने कागद हाताळलेल्या माणसाने हे नाव सहज उचललं असेल, असं मला वाटत नाही.

पुढे जे झालं ते त्याच्या परिवारातल्या पांडुल्फ नावाच्या माणसाने लिहून ठेवलंय. रोममधल्या फ्रांजिपानी घराण्यातला, सम्राटाच्या बाजूचा चेन्चिओ तिथे जवळच राहायचा. बातमी कळताच तो नागासारखा फूत्कारत, नंगी तलवार घेऊन दार फोडून आत शिरला. म्हाताऱ्या पोपचा गळा धरला, बुक्क्या-लाथा मारल्या, उंबऱ्यावर पाडून बुटाच्या आरांनी रक्त काढलं आणि केसांना धरून फरफटत आपल्या घरी नेऊन साखळदंडात टाकलं. निवड होऊन काही घटकाही झाल्या नव्हत्या. मला या प्रसंगात सगळ्यात भिडतं ते पुढचं : रोम उठलं. नगरप्रमुख पीटर, पिएर्लेओनी घराणं, टायबर नदीपलीकडचे लोक, शहराच्या सगळ्या भागांतली माणसं हत्यारं घेऊन आली. फ्रांजिपानींना पोप परत द्यावा लागला. त्याला पांढऱ्या खेचरावर बसवून वाजतगाजत लॅटरनला नेलं.

पण तो अजून साधा डीकन होता, पुरोहितही नव्हता. दीक्षेसाठी मार्चमधल्या ठरलेल्या दिवसांपर्यंत थांबायचं होतं. हेन्री तेव्हा उत्तर इटलीत होता. तस्कनीची मातिल्दा १११५ मध्ये वारली होती आणि तिच्या मुलखावर हक्क सांगायला तो आला होता. तो दौडत निघाला आणि मार्चच्या सुरुवातीला एका रात्री रोममध्ये थडकला. पोप आणि त्याची माणसं दोन गलबतांतून टायबरने समुद्राकडे निघाली. वादळ, विजा, खवळलेला समुद्र, बोटी बाहेर काढता येईनात, काठावरून जर्मन शिपाई बाण सोडताहेत. अंधार पडल्यावर अलात्रीच्या ह्यूगो नावाच्या कार्डिनलने पोपला पाठीवर घेतलं आणि चिखलातून, काळोखातून आर्देआच्या गढीत पोचवलं. दुसऱ्या रात्री पुन्हा बोट, मग तेर्राचिना, मग गाएता. ९ मार्चला पुरोहित आणि १० मार्चला बिशप म्हणून दीक्षा झाली, ती त्याच्या स्वतःच्या गावात.

हेन्रीचा निरोप गाएतालाच आला होता : परत ये, सेंट पीटर्समध्ये माझ्यासमोर दीक्षा घे, आणि पास्कालने दिलेलं कबूल कर. माझ्या मते त्याच्या कारकिर्दीचा कणा इथे आहे. गेलासियसने नकार दिला. वाद सोडवायचा तर शरद ऋतूत मिलान किंवा क्रेमोनाला धर्मसभा भरवू, तिथे निवाडा होईल, एवढंच तो म्हणाला. पळून गेलेला, सैन्य नसलेला माणूस हे उत्तर देतोय. सम्राटाच्या मुठीत एकदा सापडलेल्या माणसाने पुन्हा त्या मुठीत जायला नकार दिला, याला पळपुटेपणा म्हणणारे इतिहासकार मला पटत नाहीत.

हेन्रीने ८ मार्चला दुसराच पोप उभा केला. पोर्तुगालमधल्या ब्रागाचा आर्चबिशप मॉरिस बुर्दिन, नाव आठवा ग्रेगरी. गेलासियसने ७ एप्रिलला कापुआत दोघांनाही बहिष्कृत केलं. सम्राट उत्तरेकडे गेल्यावर तो गुपचूप रोमला परतला. २१ जुलैला सांता प्रास्सेदे चर्चमध्ये, त्या संतिणीच्या सणाच्या दिवशी, तो पूजा सांगत असताना फ्रांजिपानी पुन्हा चालून आले. त्याच्या बाजूची माणसं लढली आणि पोप अर्धवट पूजावस्त्रांतच घोड्यावर बसून निसटला. रस्त्यातल्या बायकांनी त्याला तसा जाताना पाहिलं. शहराबाहेर सेंट पॉलच्या चर्चजवळच्या शेतात एकटा बसून रडताना तो सापडला. तिथे तो आपल्या माणसांना म्हणाला, की इतक्या मालकांपेक्षा मला एकच सम्राट परवडेल. निदान तो एक वाईट बाकीच्या वाइटांना तरी संपवेल. हे वाक्य मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक बाजूला ठेवून बराच वेळ बसलो होतो.

सप्टेंबरमध्ये त्याने रोम कायमचं सोडलं. पण पुढचे महिने लपण्यात गेले नाहीत. २६ सप्टेंबरला पिसाच्या कॅथेड्रलची प्रतिष्ठापना, ऑक्टोबरमध्ये जेनोआच्या सान लोरेन्झोची, मग जहाजाने मार्सेय. फ्रान्समध्ये झांटेनचा नॉर्बर्ट हा फिरता प्रवचनकार अनवाणी भेटायला आला, त्याला कुठेही प्रवचन करायची परवानगी दिली. सारागोसाला वेढा घालून बसलेल्या आरागोनच्या राजाच्या सैन्याला डिसेंबरात पापमुक्तीचं पत्र लिहिलं. म्हणजे रोम हातात नव्हतं, आणि तरी पत्रं जात होती, लोक ती मानत होते. सम्राटाचा पोप रोममध्ये होता, आणि युरोपचा फार थोडा भाग त्याला विचारत होता. तुमच्या ‘काय करणार’ला हे माझं उत्तर.

जानेवारीत फ्रान्समधल्या क्लुनीच्या मठात तो छातीच्या दुखण्याने आडवा झाला आणि मठवासीयाच्या वेशात, उघड्या जमिनीवर त्याने प्राण सोडला. त्याआधी त्याने कार्डिनल कूनोला गादी घ्यायला सुचवलं होतं. कूनोने ती नाकारून फ्रान्समधल्या व्हिएनचा आर्चबिशप गी याचं नाव पुढे केलं. सोबत आलेल्या मोजक्या कार्डिनलांनी २ फेब्रुवारीला तिथेच गीला निवडलं, तो दुसरा कालिक्सटस. त्यानेही सही केली नाही. ११२१ मध्ये बुर्दिन सुत्रीत पकडला गेला, उंटावर उलटं तोंड करून त्याची रोममध्ये धिंड काढली गेली. (विटंबना तीही, मला ती रुचत नाही.) २३ सप्टेंबर ११२२ रोजी वर्म्सच्या करारात हेन्रीने अंगठी-दंडाचा हक्क सोडला. जर्मनीतल्या निवडणुकीत हजर राहायचा आणि जमिनींसाठी राजदंड द्यायचा हक्क त्याच्याकडे राहिला. म्हणजे ११११ चं जे लिहून घेतलं होतं, ते दहा-अकरा वर्षांत हवेत विरलं.

क्लुनीचं ते महाकाय चर्च फ्रेंच राज्यक्रांतीनंतर बहुतेक सगळं पाडलं गेलं. पण कधी रोमला गेलात तर पॅलाटाइनवरचं ते छोटं चर्च अजून आहे, आता त्याला सान सेबास्तियानो म्हणतात. आत दहाव्या शतकातली भित्तिचित्रं आहेत, म्हणजे ती त्या दिवशीही भिंतीवर होती. तिथून टायटसची कमान अगदी जवळ आहे, आणि फ्रांजिपानींचे बुरूज त्या कमानीच्याच आसपास होते.