मुलगा धर्मशिक्षणाला जायचं नाही म्हणतो, आता काय करायचं?

वसई पट्ट्यातल्या कॅथलिक घरांत कौटुंबिक समुपदेशन करताना एक काळजी माझ्यासमोर पुन्हा पुन्हा येते. मुलगा किंवा मुलगी आठवी-नववीत पोचते आणि रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गाला जायला नकार देते. आधी पोटदुखी होते, मग ट्यूशनचं निमित्त होतं आणि शेवटी सरळ "मला हे पटत नाही" असं उत्तर येतं. आईवडील हादरतात. मूल वाया चाललं, आपले संस्कार कमी पडले, आता सासरमाहेरच्यांना काय तोंड दाखवायचं, असं सगळं एकदम मनात येतं. अशाच एका घराची ही हकीकत, त्यांच्या परवानगीने सांगते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, नावंही खरी नाहीत.

फिलोमिनाताई मुंबईच्या एका रुग्णालयात परिचारिका आहेत. पहाटेची विरार लोकल, आठ तासांची ड्युटी आणि घरी आल्यावर सासूबाई, नवरा, दोन मुलं. थोरला जोएल पंधरा वर्षांचा, इंग्रजी माध्यमाच्या शाळेत. पुढच्या वर्षी बिशप धर्मग्रामात, म्हणजे त्यांच्या चर्चच्या हद्दीत, येणार, जोएलच्या वयाच्या मुलांना दृढीकरण, म्हणजे बाप्तिस्म्याची श्रद्धा पक्की करणारा संस्कार, मिळणार, आणि घरात आतापासूनच सूट कुठे शिवायचा, जेवणाला किती माणसं बोलवायची यावर चर्चा चाललेली. अशात जोएलने वर्ग सोडला.

"मॅडम, तो म्हणतो हे सगळं खोटं आहे," फिलोमिनाताई म्हणाल्या. "आमच्या घरात रोज संध्याकाळी जपमाळ होते. सासूबाई अजून चर्चमधली एक मिस्सा चुकवत नाहीत. मग हे याच्या डोक्यात आलं कुठून? माझं काय चुकलं?"

झालं होतं असं. वर्गात विश्वनिर्मितीचा पाठ चालू होता. देवाने सहा दिवसांत जग निर्माण केलं, असं वाचून झाल्यावर जोएलने विचारलं की मग डायनोसॉर कितव्या दिवशी होते. वर्गात हशा पिकला. शिकवणाऱ्या व्यक्तीने त्याला उभं केलं आणि देवाच्या कामात शंका काढायची नसते असं सुनावलं. तो घरी येऊन तेच विचारू लागला, तर आई म्हणाली, असं बोललास तर पाप लागेल. वडिलांनी मोबाइल काढून घेतला. पुढच्या रविवारपासून जोएल खोलीचं दार लावून बसला.

अशा वेळी मी आधी एक गोष्ट पडताळून पाहते, आणि प्रत्येक पालकाने पाहावी असं मला मनापासून वाटतं. मूल एखाद्या ठिकाणी जायला अचानक नकार देतं तेव्हा तिथे त्याला कुणी त्रास दिला आहे का, कुणी नको तसा स्पर्श केला आहे का, मुलं चिडवतात का, हे शांतपणे विचारायला हवं. जागा पवित्र आहे म्हणून हा प्रश्न गिळायचा नाही. तसं काही निघालं तर तो समुपदेशनापुरता मामला राहत नाही. २०१२च्या पोक्सो कायद्यानुसार लहान मुलावरच्या लैंगिक अत्याचाराची माहिती पोलिसांना देणं बंधनकारक आहे. मी जोएलशी एकट्याने बोलले. झोप, भूक, मित्र, अभ्यास, सगळं विचारलं. तसं काहीही नव्हतं. मुलगा हसरा होता, फुटबॉल खेळत होता, मार्क बरे होते. वर्गातल्या हशाचा राग होता, पण तो केव्हाच ओसरला होता.

राहिला होता तो प्रश्न. "कुणीच उत्तर देत नाही," तो मला म्हणाला. "सगळे फक्त विचारतात की तू असं का विचारतोस."

आमच्या व्यवसायात प्रत्येक प्रश्नामागे दडलेलं दुःख शोधायची सवय लागते, आणि बऱ्याचदा ते सापडतंही. पण पंधरा वर्षांच्या मुलाला खरोखरच काही जाणून घ्यायचं असू शकतं. तेरा ते सोळा या वयात विचार करण्याची पद्धतच बदलते. मोठे सांगतात म्हणून खरं, एवढ्यावर मन थांबत नाही. गणितात सिद्धता मागणारा मुलगा धर्मात ती मागणार नाही, अशी अपेक्षा कशी करायची? जोएलला उपचारांची गरज नव्हती. त्याला उत्तर देऊ शकेल असं माणूस हवं होतं.

तसं माणूस घरात नव्हतं, ही खरी अडचण. दुसऱ्या भेटीत मी फिलोमिनाताईंना विचारलं की मुलाचा प्रश्न तुम्हाला स्वतःला कधी पडला होता का. त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "पडला होता. पण विचारायचा नसतो असं वाटायचं. माझं धर्मशिक्षण दृढीकरणाला संपलं, नववीत. ड्युटीवर नवं मशीन आलं की आम्हाला ट्रेनिंग घ्यावंच लागतं, नाहीतर पेशंटला हात लावू देत नाहीत. आणि विश्वासाबद्दल मी मुलाला नववीतल्या शिदोरीवर शिकवते आहे."

त्यांच्या या बोलण्याने पुढची दिशा ठरली. काळजी मुलाची म्हणून आली होती, पण तिचा मोठा भाग आईच्या स्वतःच्या अनुत्तरित प्रश्नांचा होता. ही त्यांच्या एकट्यांची गोष्ट नाही. आपल्याकडे धर्मशिक्षण म्हणजे लहान मुलांचं काम, अशी समजूत घट्ट बसली आहे. पहिल्या ख्रिस्तशरीरापर्यंत (फर्स्ट कम्युनियन) धावपळ, दृढीकरणापर्यंत रेटारेटी, आणि मग लग्नाआधीच्या शिबिरापर्यंत सगळं शांत. चर्चची स्वतःची शिकवण याच्या उलट आहे. कॅनन लॉच्या, म्हणजे चर्चच्या कायद्याच्या, ७७४व्या कलमानुसार, मुलांना शब्दाने आणि आपल्या जगण्याच्या उदाहरणाने श्रद्धेत वाढवणं हे सर्वांत आधी आईवडिलांचं कर्तव्य आहे. व्हॅटिकनने १९७१ मध्ये धर्मशिक्षणासाठी मार्गदर्शिका काढली, तेव्हापासून प्रौढांचं धर्मशिक्षण हेच त्याचं मुख्य रूप मानलं गेलं आहे. मुलांचे वर्ग त्याच्या आधाराने चालायचे असतात. प्रत्यक्षात आधारच नाही आणि वर्ग चालू आहेत, असं अनेक ठिकाणी दिसतं.

मी स्वतः कॅथलिक आहे. पण समुपदेशकाच्या खुर्चीत बसून कुणाला श्रद्धाळू करणं हे माझं काम नाही, तसंच कुणाची श्रद्धा सैल करणंही नाही. मी एवढंच सुचवलं की या घरात जोएलने वर्गाला जाण्याआधी आईने जावं.

त्यांच्या धर्मग्रामात ईस्टरआधीच्या प्रायश्चित्तकाळात संध्याकाळी प्रौढांसाठी बायबल अभ्यास चालायचा. दहा-बाराच माणसं यायची, बहुतेक निवृत्त. फिलोमिनाताईंनी ड्युटी बदलून घेतली. सुरुवात मार्कच्या शुभवर्तमानापासून झाली, कारण येशूचं जीवन सांगणाऱ्या चारही शुभवर्तमानांत ते सर्वांत लहान, सोळा अध्यायांचं. पण त्यांना घाई होती. त्यांनी तिसऱ्याच संध्याकाळी डायनोसॉरचा प्रश्न मांडला, आणि शिकवणाऱ्या सिस्टरांनी हसण्याऐवजी बायबलमधलं पहिलं, उत्पत्तीचं पुस्तक उघडायला सांगितलं.

पहिल्या अध्यायात देव आधी पशू निर्माण करतो आणि मग माणूस. दुसऱ्या अध्यायात आधी माणूस घडवतो, मग त्याला सोबत हवी म्हणून पशुपक्षी. एकाच पुस्तकात, एकापाठोपाठ एक, दोन वेगळे क्रम. ज्यांनी हे ग्रंथ जुळवले त्यांना हा फरक दिसत नव्हता थोडाच! त्यांना वेळापत्रक लिहायचं नव्हतं. जग आपोआप पडलेलं नाही, ते चांगलं आहे, माणूस देवाच्या प्रतिरूपात आहे, हे सांगायचं होतं. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये हेच मांडलं की बायबल वाचताना लेखकाने कोणता साहित्यप्रकार वापरला आहे, ते आधी पाहावं. त्याच्याही कितीतरी आधी, पाचव्या शतकात, संत ऑगस्टीनने ख्रिस्ती लोकांना बजावलं होतं की निसर्गाबद्दल अज्ञानाने बोलून आणि त्याला बायबलचा आधार देऊन परक्यांसमोर आपल्या ग्रंथाचं हसं करून घेऊ नका. उत्क्रांतीच्या संशोधनाला पोप बाराव्या पायस यांनी १९५० मध्ये वाट मोकळी ठेवली. १९९६ मध्ये पोप दुसरे जॉन पॉल यांनी उत्क्रांती ही आता निव्वळ गृहीतक राहिलेली नाही, असं स्पष्ट म्हटलं. विश्व प्रसरण पावतं आहे आणि त्याचा उगम एका आदिकणातून झाला असावा, हा विचार मांडणारा बेल्जियन शास्त्रज्ञ जॉर्ज लमेत्र हा स्वतः कॅथलिक धर्मगुरू होता. १९२७ आणि १९३१ मधल्या त्याच्या लेखनातून पुढे महास्फोटाचा सिद्धांत उभा राहिला.

फिलोमिनाताई ते सगळं वहीत लिहून घरी आल्या. मुलाला शिकवायला बसल्या नाहीत. जेवताना फक्त म्हणाल्या, "तुझा प्रश्न मी आज वर्गात विचारला." जोएलने मान वर केली. ही गोष्ट मला तो स्वतः सांगत होता, तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा होता. लमेत्रबद्दल त्याने रात्री नेटवर शोधलं. दुसऱ्या दिवशी त्याचा आईला पुढचा प्रश्न तयार होता: दोन गोष्टी वेगळ्या आहेत तर दोन्ही खऱ्या कशा? त्या म्हणाल्या, "मलाही नीट सांगता येत नाही. मंगळवारी विचारते." "मला माहीत नाही" हे वाक्य आईच्या तोंडून त्याने विश्वासाच्या बाबतीत बहुधा पहिल्यांदाच ऐकलं असावं. त्यानंतर घरातलं बोलणं सुरू झालं ते थांबलं नाही.

वडिलांचं मन वळायला वेळ लागला. त्यांची भीती वेगळी होती. जोएलच्या बरोबरीची सगळी मुलं पुढच्या वर्षी दृढीकरण घेतील, आपलाच राहिला तर गावात चर्चा होईल. ती भीती पोकळ नव्हती. वाडीत राहणाऱ्याला वाडीतली चर्चा सोसावी लागते. तिघांना एकत्र बसवून आम्ही ठरवलं ते असं. रविवारची मिस्सा ही या घराची रीत, ती जोएल पाळेल. वर्गाला सध्या जाणार नाही. जेवणाच्या ताटावर टोमणे नाहीत, मोबाइलची शिक्षा नाही. आणि दृढीकरणाची तारीख मोकळी. कॅनन लॉचीच (कलम ८८९) अपेक्षा आहे की हा संस्कार घेणाऱ्याला योग्य शिक्षण मिळालेलं असावं, मनाची तयारी असावी आणि त्याला बाप्तिस्म्याची वचनं स्वतः पुन्हा उच्चारता यावीत. सूट शिवून झाला म्हणून ओठांनी बोललेली वचनं कुणाच्याच कामाची नाहीत. हे मी म्हटल्यावर वडील काही बोलले नाहीत, पण निघताना म्हणाले, "मग एक वर्ष थांबू."

आजीबद्दल सांगायला हवं. तिला यातलं लमेत्र-बिमेत्र काही कळत नव्हतं आणि तिला ते कळायची गरजही नव्हती. जोएलने तिला विचारलं, देव आहे हे तुला कसं कळतं. ती म्हणाली, मी रोज त्याच्याशी बोलते, तूही बोलून बघ. तर्काला हे उत्तर नाही. पण जोएलला ते खोटं वाटलं नाही, हे त्याने मला सांगितलं. मुलांना दोन्ही लागतं, अभ्यास करणारी आई आणि बोलत राहणारी आजी. पूर्वी आजी पुरायची. आता मुलं रोज सगळ्या जगाचे आक्षेप खिशात घेऊन फिरतात, तिथे एकट्या आजीवर भार टाकणं तिच्यावरही अन्याय आहे.

वर्गात जोएलला सुनावणाऱ्या व्यक्तीबद्दल फिलोमिनाताईंच्या मनात कडवटपणा होता. तो मला समजतो. तरी त्या माणसाच्या बाजूनेही बघायला हवं. आपले बहुतेक धर्मशिक्षक स्वयंसेवक असतात. आठवडाभर बँकेत, शाळेत, दुकानात काम करून रविवारी मिस्सेनंतर पाऊण तास चाळीस मुलं सांभाळायची, हातात एक पुस्तक आणि प्रशिक्षण म्हणून वर्षातून एखादं शिबिर. त्यातही पुस्तक मराठीतलं आणि निम्मी मुलं मराठी अडखळत वाचणारी. अशा वेळी अवघड प्रश्न आला की माणूस त्याला दटावून गप्प करतो. पोप फ्रान्सिस यांनी मे २०२१ मध्ये धर्मशिक्षकाच्या कामाला प्रापंचिकांसाठीच्या, म्हणजे धर्मगुरू नसलेल्यांसाठीच्या, रीतसर सेवापदाचा दर्जा दिला आणि त्यासाठी योग्य तयारी हवी असं म्हटलं. बेंगळुरूला १९६७ पासून राष्ट्रीय बायबल, धर्मशिक्षण व उपासना केंद्र आहे. वाट आहे, पण तिच्यावर धर्मग्रामाने आपली माणसं पाठवायला हवीत, त्यांचा प्रवासखर्च उचलायला हवा. सणाच्या रोषणाईला पैसे निघतात, तसे याला निघावेत, असं मला फार वाटतं. आपल्या वसईचे संत गोन्सालो गार्सिया धर्मबंधू होण्याआधी जपानमध्ये जेझुइटांसोबत धर्मशिक्षक म्हणून वावरले, तिथली भाषा शिकले. १५९७ मध्ये नागासाकीला ते हुतात्मा झाले. त्यांचा सण आपण थाटात करतो. धर्मशिक्षकाचा मान किती मोठा, हे त्यांच्या गावाला कुणी वेगळं सांगायला नको.

माझ्याकडे येणाऱ्या पालकांना मी आता सरसकट विचारते: तुमच्या धर्मग्रामात मोठ्यांसाठी काय चालतं? शेजारच्या घरांच्या छोट्या ख्रिस्ती समूहाच्या बैठकीत नुसती जपमाळ होते की एखादा उतारा वाचून त्यावर बोलणंही होतं? नसेल होत, तर चार घरांनी मिळून फादरांकडे मागायला जावं. मागणी आली तर बहुतेक फादर नाही म्हणत नाहीत. अडचण असते ती माणसं न येण्याची.

जोएल अजून पूर्णपणे परतलेला नाही. दृढीकरण घेणार का, यावर त्याचं उत्तर "बघू" असंच आहे, आणि आईने ते मान्य केलं आहे. जूनमध्ये नवे वर्ग सुरू झाले तेव्हा त्याने एक अट घातली, की शेवटी प्रश्न विचारू दिले तर मी येईन. फिलोमिनाताई ती अट घेऊन वर्गप्रमुखांना भेटल्या. शेवटची दहा मिनिटं आता प्रश्नांसाठी ठेवली आहेत, चिठ्ठीवर नाव न लिहिता. पहिल्याच रविवारी चिठ्ठ्यांचा डबा भरला. निम्मे प्रश्न परीक्षेच्या आधी प्रार्थना केली तर चालते का अशा धर्तीचे होते. एका मुलीने लिहिलं होतं, की माझी मैत्रीण हिंदू आहे आणि माझ्यापेक्षा चांगली आहे, तर तिचं काय होणार. वर्गप्रमुखांनी ती चिठ्ठी फादरांकडे नेली, फादरांनी तयारीला एक आठवडा मागून घेतला, आणि त्या रविवारी आईवडिलांनीही मागच्या बाकांवर येऊन बसावं असं जाहीर केलं.