आधी पहाटे बघ, मग पाइप हाती घे

नागपूर, एप्रिल

प्रिय पोरी,

मानेवाड्याच्या घरामागची बाग आता तू सांभाळतेस, याचा फार आनंद झाला. पण ‘दुपारी झाडं माना टाकतात, म्हणून मी लगेच पाणी देते’ हे वाचलं आणि राहवलं नाही.

दुपारी पानं लोळली म्हणजे झाड तहानलंय असं नाही. आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा पानांतून पाणी उडतं त्या वेगानं मुळांना ते वर पाठवता येत नाही. ऊन उतरलं की झाड सावरतं. खरं काय ते पहाटे कळतं. सहाला बागेत जा. तेव्हाही पानं मलूल असली, तर मातीत दोन पेरं बोट घाल. आपली काळी माती फसवी. वर भेगा आणि आत ओल.

माझं लिंबाचं झाड मी असंच घालवलं. रोज दुपारी बुंध्याशी पाणी. मग सालीतून डिंक गळू लागला. संत्रावाले त्याला डिंक्या म्हणतात. दोन वर्षांत झाड वाळलं. त्याची हळहळ अजून जात नाही. आता मी बुंध्याला मातीची भर देतो आणि त्याबाहेर दुसरं आळं करून पाणी तिथेच सोडतो.

कूलरच्या टाकीत उरलेलं पाणी कुंड्यांत ओतू नकोस. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात. कूलरच्या गवताच्या ताट्यांवर पांढरा थर धरतो ना, तोच कुंडीत साचतो.

आणि लिंबाच्या पानावर पाखराची शीट दिसली, तर वाकून नीट बघ. ती सरकली तर फुलपाखराची अळी समज! मोठी झाली की हिरवीगार होते. तिला हलकेच काडी लाव. डोक्यामागून केशरी, दुभंगलेलं शिंग बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. मोठ्या झाडाला चार-पाच अळ्या सहज पेलतात. रोपावर असतील, तर उचलून मोठ्या लिंबावर ठेव, मारू नकोस.

सांबार, म्हणजे कोथिंबीर, फुलावर आलाय म्हणतेस, तोही उपटू नकोस. मधमाश्या येतील, धणे मिळतील.

उद्या पहाटे लिंबाच्या बुंध्याची साल बोटानं चाचपून बघ. चिकट लागली, तर पाणी लगेच थांबव आणि मला फोन कर.

तुझा,
काका