आधी कुणाच्या तरी हातात दे

तुला अनेक आशीर्वाद.

रविवारी तू सॅकमधून तुझ्या व्हिडिओ गेमची स्पायरल केलेली फाइल काढून आमच्या जेवणाच्या टेबलावर ठेवलीस. 112 पानं. 1661 साली मुंबई आंदण गेली तिथून सुरू होणारी गोष्ट, सातही बेटं, कोळीवाडे, गढ्या, गलबतं, अगदी भरती-ओहोटीचं वेळापत्रकसुद्धा. दोन तास तू बोलत होतास. मग मी विचारलं, "यातलं खेळता काय येतं?" तेव्हा तू लॅपटॉप उघडलाच नाहीस. निघताना जिन्यात म्हणालास, "काका, माझं कुठे चुकतंय तेच कळत नाहीये."

त्या दिवशी मी धड उत्तर दिलं नाही, कारण ती फाइल बघून माझ्या पोटात कालवलं. तसलंच बाड माझ्या कपाटात आहे, चार जाडजूड वह्यांचं. तू हुशार आहेस, कष्टाळू आहेस, हे तुलाही माहीत आहे आणि मलाही, त्यावर शाई घालवत नाही. सांगायचं आहे ते एवढंच: जे काही झालं असेल ते कुणाच्या तरी हातात दे, आणि तो खेळत असताना गप्प बस.

हे मी कुठे शिकलो ते सांगतो. शिकलो त्या रात्री मला ते कळलं नव्हतं, कळायला वीसेक वर्षं गेली.

आम्ही लालबागला चाळीत राहायचो. गणपतीच्या जागरणाला त्या वर्षी कुणीतरी टीव्ही गेमचा डबा भाड्याने आणला होता. निन्टेन्डोच्या मूळ यंत्राची नक्कल असायची ती, पिवळी कॅसेट, तिच्यावर हजारो खेळ असल्याचं लिहिलेलं आणि आत तेच मोजके पुन्हा पुन्हा. रात्री दोनच्या सुमाराला आम्ही पोरं पेंगायला लागलो तेव्हा आईने रिमोट हातात घेतला. मारिओ. तिला कुणीही काही सांगितलं नाही, सांगायला कुणी जागंच नव्हतं. मी गोधडीतून एक डोळा उघडून बघत होतो.

पहिला राक्षस चालत आला, आई त्याला धडकून मेली. दुसऱ्या डावात घाबरून बटण दाबलं, मारिओ उडाला आणि नेमका त्याच्या डोक्यावर पडला. आई स्वतःशीच हसली. मग चौकोनाला डोकं आपटल्यावर ते मशरूम बाहेर आलं. आईला वाटलं हाही राक्षसच. पण मशरूम उजवीकडे गेलं, खाली पडलं, पाइपवर आपटलं आणि उलट फिरून तिच्याकडेच आलं. तिला पळायला सवड मिळाली नाही. ते लागलं, मारिओ मोठा झाला, आणि आई म्हणाली, "अरे, हे चांगलं असतं होय!"

मारिओ बनवणाऱ्या शिगेरू मियामोतो आणि ताकाशी तेझुका या दोघांनी 1985 साली तो पाइप तिथे मुद्दाम ठेवला होता. मशरूम परत यावं, खेळणाऱ्याने घाबरूनसुद्धा त्याला शिवावं आणि ते चांगलं असतं हे त्याला स्वतःला उमगावं, एवढ्यासाठी. जपानात बसलेल्या त्या माणसांना लालबागच्या चाळीतली माझी आई ठाऊक नव्हती. पण पहिल्यांदा रिमोट धरणारा माणूस काय करतो, कशाला घाबरतो, हे त्यांना ठाऊक होतं. तुझ्या 112 पानांत असा माणूस एकदाही आलेला नाही. गव्हर्नर आहेत, दर्यावर्दी आहेत, पण रिमोट धरलेला माणूस नाही.

आता माझ्या वह्यांबद्दल. 2004 ते 2011. आम्ही दोघं होतो. मित्र कोड लिहायचा, बाकी सगळं मी. दर शनिवारी संध्याकाळी कांजूरमार्गला त्याच्या घरी. आमचा खेळ असा: एक डोंगरी किल्ला, वेढा पडलेला, आतला शिबंदीचा हिशेब, दाणागोटा, पाण्याची टाकी, रात्रीची गस्त. मी दर आठवड्याला नवीन काहीतरी लिहून न्यायचो आणि तो मागच्या आठवड्याचं पुसून नवीन लिहायचा. तो बिचारा म्हणायचा, "एक बुरूज तरी कुणाला खेळायला देऊ या." मी म्हणायचो, "अजून तयार नाही." सात वर्षं मी हेच म्हणत होतो.

एकदाच दिला. माझ्या ऑफिसातल्या एकाला, जेवणाच्या सुट्टीत. तो खेळत होता आणि मी त्याच्या खांद्यामागे उभा राहून बोलत होतो. "इथे खरं म्हणजे पाऊस येणार आहे." "हे दार पुढे उघडेल." "तिथे नको जाऊस, तिथलं अजून व्हायचंय." दहा मिनिटांनी तो म्हणाला, छान आहे रे, आणि डबा धुवायला गेला. त्या दहा मिनिटांत खेळ त्याने खेळलाच नव्हता, माझं कीर्तन ऐकलं होतं. मित्र शेजारी उभा राहून हे सगळं बघत होता. पुढे वर्षभरात तो बेंगळुरूला गेला. भांडण झालं नाही, फोन कमी होत गेले. त्याची सात वर्षं मी घेतली आणि त्या बदल्यात त्याला एकही असा माणूस दाखवला नाही, जो त्याने लिहिलेलं काही खेळून हसला असेल. हे माझ्या मनातून जात नाही. तुझ्याबरोबर ती चित्रं काढणारी मुलगी आहे ना, तिने आतापर्यंत किती चित्रं काढली ते मोज आणि त्यातली किती कुणाच्या बोटाखाली हलली तेही मोज.

खेळ बांधायचं सॉफ्टवेअर, म्हणजे इंजिन, कोणतं घ्यायचं हे तू तीनदा विचारलंस. गोडो घे. फुकट आहे, मुक्त आहे, तुझ्या जुन्या लॅपटॉपवर चालेल. झालं उत्तर. अलेक्सी पाजित्नोव्हने 1984 साली मॉस्कोत टेट्रिस हा पडत्या ठोकळ्यांचा खेळ केला तेव्हा त्याच्या मशीनला चित्र काढताच येत नव्हतं, त्याने कंस जोडून जोडून ठोकळे केले. त्यामुळे इंजिनवर मला पुन्हा मेसेज करू नकोस, खरंच.

फाइलमध्ये तू अभिमानाने लिहिलं आहेस, ‘खेळाडू काहीही करू शकतो.’ या वाक्यावर मी पेन्सिलने जोरात रेघ मारली आहे. तू शाळेत खो-खो खेळला आहेस. आठव. पळणारा हवा तसा पळतो, खांबांमधून नागमोडी जातो. पाठलाग करणाऱ्याला मात्र मधली पाटी ओलांडता येत नाही, एकदा एका दिशेला निघाला की मध्येच मागे फिरता येत नाही. बसलेले आठ जण एकाआड एक उलट तोंडं करून बसलेले, आणि खो द्यायचा तो पाठीमागून. पाठलाग करणाऱ्याचे हातपाय असे बांधले आहेत म्हणून तर खो देण्याची गरज पडते, फसवा खो निघतो, बसलेल्याचा जीव टांगणीला लागतो. त्याला मोकळं सोड, मागे वळू दे. उरतो तो नुसता शिवाशिवीचा खेळ, आणि बाकीचे आठ जण बसल्या जागी झोपतील. माणसाला काय करता येत नाही ते आधी ठरव. आणि ते बरोबर ठरलं की नाही हे 113व्या पानावर कळणार नाही, कुणाच्या तरी हातात दिल्यावरच कळेल.

प्रिन्स ऑफ पर्शिया या जुन्या खेळातली ती सावली तुला आवडते म्हणालास. तो खेळ करणाऱ्या जॉर्डन मेकनरकडे ॲपल टू या संगणकात नवीन शत्रूसाठी मेमरी शिल्लकच नव्हती. बरोबर काम करणारी मैत्रीण मात्र सारखी मागे लागली होती की यात कुणाशी तरी झुंज हवी. मग राजपुत्राचीच चित्रं थोडी सरकवून एकमेकांवर पुन्हा काढली आणि त्याचाच वैरी उभा राहिला. मैत्रिणीचं म्हणणं त्याने कानाआड केलं असतं तर सावली नसती. माझ्या मित्राचं म्हणणं मी कानाआड केलं.

आता नोकरी. तू पवईतली नोकरी सोडायचं म्हणतोस आणि मी सोडली नाही म्हणून माझं काही झालं नाही, असं तुला वाटतं. तोंडावर बोलला नाहीस, पण नजरेत दिसलं. माझे वडील गिरणीत होते. 1982च्या जानेवारीत संप सुरू झाला आणि ते पुन्हा कधी साच्यावर उभे राहिले नाहीत. घरात महिन्याच्या एक तारखेला पैसे येणं म्हणजे काय आणि न येणं म्हणजे काय, हे मी पाहिलं आहे. म्हणून मी फोर्टमधली कारकुनी धरली आणि सोडली नाही, त्याची मला लाज नाही. माझा खेळ नोकरीमुळे राहिला असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत होतो. ते खरं नाही. शनिवार-रविवार मोकळे होते, एक बुरूज पुरा करायला तेवढे पुरले असते. नोकरी ठेव किंवा सोड, पण आठवड्याभरात काहीही हातात देता येत नसेल तर नोकरी सोडून आठवड्याचे सातही दिवस मिळाले तरी तू फाइलच जाडी करशील.

2016 साली मी एकट्याने तीन आठवड्यांत एक बारकासा खेळ केला. चाळीतला पहाटेचा नळ. पाणी पाऊण तास येतं, रांगेत हंडे, कळशा, बादल्या. कुठलं भांडं कधी लावायचं एवढंच. भाचीच्या हातात फोन दिला आणि मी भांडी घासायला उभा राहिलो, म्हणजे तोंड उघडायचा मोह होऊ नये. तिने हंडा लावला आणि काढलाच नाही. भरून वाहायला लागला, पाणी जिन्यावरून खाली, खालच्या बिऱ्हाडाच्या दारात, आणि ती खिदळत होती. सांडलेल्या पाण्याला मी दंड ठेवला होता, तो तिला दिसलासुद्धा नाही. त्या रात्री मी दंड काढला आणि खालच्या बिऱ्हाडातल्या काकूंना बादली घेऊन वर पाठवलं. खेळ तिथे सुरू झाला. तोमोहिरो निशिकादोचंही असंच झालं होतं. 1978 साली त्याच्या स्पेस इन्व्हेडर्स या नेमबाजीच्या खेळात शत्रू मरत गेले तसं मशीनला काढायचं काम कमी झालं आणि उरलेले आपोआप वेगाने सरकायला लागले. ते त्याने ठरवलेलं नव्हतं. समोर दिसलं आणि त्याने ठेवलं. दिसण्यासाठी आधी पडद्यावर काहीतरी हलायला लागतं रे!

तुझी सात बेटं बाजूला ठेव, फेकू नकोस. लोकलचा एक डबा घे. दादरला चढलेला माणूस, विरार फास्ट, त्याला अंधेरीला उतरायचं आहे. दारापर्यंत पोचायचं, बस. एकच बटण: समोरच्याच्या खांद्यावर हात ठेवून "अंधेरी?" विचारायचं. तो हो म्हणाला तर त्याच्या मागे लागायचं, नाही म्हणाला तर जागांची अदलाबदल. उशिरा विचारलं तर शिव्या, लवकर विचारलं तर वांद्र्याचा लोंढा तुला फलाटावर घेऊन जाईल. चौकोन आणि गोल काढ, माणसं नकोत. रोज जातोस, सगळे नियम तुझ्या अंगात मुरलेत. मला आत्ताच दिसतंय की बॅग पुढे घेतलेल्यांना वेगळा नियम लागेल, आणि दारातल्या टोळक्याला... पण थांबतो. पुन्हा वही भरायला लागलो मी.

येत्या रविवारी ये. फाइल आणू नकोस, फोनवर तो डबा घेऊन ये, अर्धा झाला असला तरी चालेल. भाचीला मी बोलावलं आहे, शिवाय शेजारच्या आजी खेळणार आहेत, त्यांनी कँडी क्रशपलीकडे काही पाहिलेलं नाही. त्या खेळतील आणि आपण दोघं मागे स्टुलांवर बसू. तू एक शब्द बोलायचा नाहीस. त्या अडकल्या तरी नाही, त्यांनी विचारलं तरी नाही. कागद-पेन मी देईन, बोट कुठे थांबतं ते लिही.

वेस्टर्नला मेगाब्लॉक असेल, टाइमटेबल बघून नीघ. जेवायलाच ये.

तुझा,
काका
गोरेगाव