दोन्ही बाजूंना एकदम स्ट्रोक कसा आला?

प्रश्न: नमस्कार डॉक्टर, आमच्या सासूबाई ६८ वर्षांच्या आहेत, बीपी आणि शुगर दोन्ही आहे. मागच्या महिन्यात एका सकाळी उठेचनात. हाक मारली की डोळे किलकिले करायच्या, हं म्हणायच्या आणि परत झोप. हातपाय हलत होते, तोंड वाकडं नव्हतं, शुगर तपासली तर ती पण ठीक. दवाखान्यात सीटी स्कॅन नॉर्मल आला, झोपेच्या गोळ्या जास्त घेतल्या का असं आम्हालाच विचारलं. दुसऱ्या दिवशी एमआरआय झाला तेव्हा कळलं की दोन्हीकडच्या थॅलॅमसमध्ये स्ट्रोक आहे. आता घरी आहेत पण दिवसभर पेंगतात, आत्ताचं आत्ता विसरतात, वर बघता येत नाही. स्ट्रोक तर एकाच बाजूला येतो ना? दोन गुठळ्या अडकल्या का? आणि तो सीटी चुकीचा होता का?
– एक वाचक, पंचवटी, नाशिक

उत्तर: ताई, बहुतेक गुठळी एकच असणार, आणि सीटी चुकीचा नव्हता, फक्त तो "सगळं ठीक आहे" असं सांगणारा रिपोर्ट नव्हता, हे आधी सांगते.

थॅलॅमस मेंदूच्या अगदी आत, मधल्या रेषेच्या दोन्ही बाजूंना एकेक असतो. वास सोडला तर स्पर्श, नजर, ऐकणं असं सगळं वर जाताना इथूनच जातं आणि माणसाला जागं ठेवायचं कामही बरंचसं इथलंच. मानेच्या मणक्यांमधून दोन व्हर्टेब्रल आर्टरी (आर्टरी म्हणजे शुद्ध रक्त नेणारी वाहिनी) वर येतात, एकत्र होऊन बेसिलर बनते आणि ती वर जाऊन परत दोन फांद्यांत फुटते, त्या म्हणजे डाव्या उजव्या पोस्टेरिअर सेरेब्रल आर्टरी. थॅलॅमसचं बरंचसं रक्त या दोघींकडून येतं, पुढच्या टोकाला मात्र पोस्टेरिअर कम्युनिकेटिंग आर्टरीची एक बारीक फांदी जाते आणि काही लोकांत ती फांदी नसतेच, मग तिचं काम शेजारची सांभाळते.

तुमच्या सासूबाईंचा भाग आहे तो आतल्या बाजूचा, मधला. त्याच्या बारीक रक्तवाहिन्या पोस्टेरिअर सेरेब्रलच्या अगदी सुरुवातीच्या तुकड्यातून निघतात, एरवी डावीकडच्या डावीकडे आणि उजवीकडच्या उजवीकडे. पण काही माणसांत जन्मतःच एका बाजूने एकच खोड निघतं आणि तेच दोन्हीकडे फुटतं. पर्शेरॉन नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात याचं नीट वर्णन केलं म्हणून तिला पर्शेरॉनची आर्टरी म्हणतात. दिंडोरीकडच्या एखाद्या द्राक्षबागेत दोन ओळींना मिळून एकच ठिबकची नळी टाकलेली असली आणि ती तोंडाशीच चोकअप झाली तर दोन्ही ओळी एकदम सुकतील ना, तसंच हे. आणि या वाहिन्यांना मागून दुसरा पुरवठा जवळपास नसतोच. अशी आर्टरी असणं हा आजार नाही, आयुष्यभर काही त्रासही होत नाही, बंद पडली तरच कळतं.

म्हणूनच लक्षणं अशी विचित्र. जागं ठेवणारा भाग दोन्हीकडचा गेला म्हणून गुंगी, आठवणींचे मार्ग तिथूनच जातात म्हणून विसरणं, आणि हीच वाहिनी बऱ्याचदा थॅलॅमसच्या खाली असलेल्या मिडब्रेनच्या (मेंदूच्या देठाचा वरचा भाग) वरच्या टोकालाही रक्त देते, तिथे डोळे वर-खाली फिरवायची सोय असते. हातापायांचा मुख्य मार्ग बाजूने जातो, तो वाचला, त्यामुळे कोणाला पॅरालिसिस वाटलाच नाही.

सीटी पहिल्या काही तासांत मुख्यतः रक्तस्राव आहे का ते सांगतो. रक्त न पोचल्यामुळे झालेला ताजा स्ट्रोक, त्यात इतका लहान आणि खोल, त्यात बऱ्याचदा दिसत नाही. एमआरआयच्या डिफ्यूजन फोटोत तो लवकर दिसतो. पर्शेरॉनची आर्टरी स्वतः इतकी बारीक की अँजिओग्राफीतही (मेंदूच्या रक्तवाहिन्यांच्या फोटोतही) सहसा सापडत नाही, पण बेसिलरच्या टोकाशी मोठी गुठळी असली तरी चित्र असंच दिसतं म्हणून अँजिओग्राफी करायचीच. आणि माझं ठाम मत आहे, माणूस अचानक उठवूनही उठत नाही, शुगर ठीक आहे, तर स्ट्रोकचा विचार त्याच तासाला व्हायला हवा. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यायचं असतं आणि झोपेत आलेल्या स्ट्रोकमध्ये वेळ मोजतात ती माणूस शेवटचा नीट दिसला तेव्हापासून.

आता पुढचं. गुंगी बऱ्याच जणांची काही आठवड्यांत कमी होते, आठवण आणि नजर जास्त वेळ घेतात. त्या गप्प बसून राहतात, स्वतःहून काही करत नाहीत तर त्याला आळस म्हणू नका, तोही याच स्ट्रोकचा भाग आहे. खायला देताना पूर्ण जाग्या आहेत का बघा, ताठ बसवा, पेंगत असताना घास देऊच नका, श्वासनलिकेत जातो. जिना उतरताना हात धरा. हृदयाचे ठोके अनियमित आहेत का हे ईसीजी, होल्टर (दिवसभर अंगावर लावून ठेवायचा ईसीजी), इको (हृदयाची सोनोग्राफी) करून बघितलंय का ते विचारा, कारण गुठळी तिथून आलेली असली तर औषध वेगळं लागतं.

प्रश्न: वडिलांना सहा महिन्यांपूर्वी थॅलॅमसचा स्ट्रोक झाला. आता उजव्या अंगाची आग होते, शर्ट घासला तरी ओरडतात. तपासणीत त्वचेला काहीच नाही.
– सातपूर

उत्तर: दादा, त्यांचं दुखणं खरं आहे. थॅलॅमसच्या बाहेरच्या-खालच्या भागात स्पर्शाचं केंद्र आहे, त्याला पोस्टेरिअर सेरेब्रल आर्टरीच्या सुरुवातीनंतरच्या तुकड्यातून रक्त जातं. ते केंद्र दुखावलं की काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी विरुद्ध बाजूला अशी आग सुरू होऊ शकते, देजेरिन आणि रूसी या फ्रान्समधल्या डॉक्टरांनी १९०६ मध्येच हे लिहून ठेवलंय. साध्या पेनकिलरने फारसा फरक पडत नाही, उगाच घेत बसू नका. अमिट्रिप्टिलीन, लॅमोट्रिजिन, प्रीगॅबालिन अशी नसांची औषधं न्यूरॉलॉजिस्ट हळूहळू वाढवत देतात. वडिलांना प्रोस्टेटचा, काचबिंदूचा किंवा हृदयाचा त्रास असेल तर ते आधीच सांगा, अमिट्रिप्टिलीन मग चालेलच असं नाही.