कॉम्प्रेसर नेमका ओरडतो कुठून?

प्रश्न : घरामागे पत्र्याच्या शेडात मी गणपतीच्या मूर्ती रंगवतो. १ एचपीचा, पट्ट्यावर चालणारा, १०० लिटर टाकीचा सेकंडहँड कॉम्प्रेसर आहे. आषाढ लागला की रात्री उशिरापर्यंत बसावं लागतं, आणि शेजारच्या काकू खिडकी आपटून राग दाखवतात. वर प्लायवूडची पेटी ठेवावी म्हणतोय. शिवाय पावसाळ्यात गनमधून रंगाबरोबर पाणी उडतं. काय करू?
— एक मूर्तिकार, खासबाग, बेळगाव

उत्तर : पेटी तेवढी करू नका. ती हौस मी फेडून घेतलीय. उद्यमबागेतल्या कारखान्यांत मेंटेनन्स फिटर म्हणून जन्म काढला, आणि रिटायर झाल्यावर अनगोळात घरीच छोटं वर्कशॉप थाटलं. मंडळींची दुपारची झोप मोडायला नको म्हणून झकास पेटी ठोकली, आतून गादीचा फोम लावला. आवाज बसला. पंधरा दिवसांत मोटरचा ओव्हरलोड स्विच पडायला लागला. हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, उघडलं तर व्हॉल्व्ह प्लेटवर चुलीवरच्या तव्याच्या बुडासारखी काजळी! मोठ्या पुलीच्या आऱ्या म्हणजे कॉम्प्रेसरचा पंखाच. त्या हेडवर वारा मारतात. पेटीत तोच गरम वारा फिरत राहिला आणि ऑइल जळलं.

तुम्ही खासबागचे, म्हणजे काकूंच्या कानाला मागांचा खडखडाट नवा नसणार. खरं माग एका लयीत चालतो, माणूस त्यात झोपतो. कॉम्प्रेसर गप्प बसतो आणि डोळा लागला की दचकवतो. म्हणून आवाज कमी करायचा तसा तो कितीदा सुरू होतो हेही कमी करायचं. मूर्तीच्या रंगाला गनकडे ३-४ किलो प्रेशर पुष्कळ होतं. तुमचा प्रेशर स्विच बहुतेक ८ किंवा १० वर तोडत असेल. तो ६ वर आणा. शेवटच्या दोन-चार किलोंसाठीच मशीन सगळ्यात जास्त कण्हतं. मग प्रत्येक जोडाला साबणाचं पाणी लावा. काम बंद असताना मोटर आपोआप सुरू होत असेल तर हवा कुठून तरी निसटतेय, बुडबुडे जागा दाखवतील. बंद झाल्यावर स्विचखालून फुस्स चालूच राहिलं तर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे टाकीतली हवा मागे येऊ न देणारी झडप, गळतोय. टाकी रिकामी करून तो उघडा आणि पुसा. बहुतेकदा काजळीचा कणच अडकलेला असतो.

आता खरा आरडाओरडा. तो येतो हवा ओढणाऱ्या तोंडातून. फिल्टर काढून तिथं वाकलं तरी न चपटणारा जाड होज दोन मिनिटं लावून बघा. होजचं दुसरं टोक जिथं न्याल तिथं आवाज जाईल, हेडजवळ निम्माही उरणार नाही. एवढं पटलं की काम सोपं. ४ इंची पाईपचा दीड फुटाचा तुकडा घ्या, दोन्ही तोंडांना टोप्या बसवा. एका टोपीतून हेडकडे जाणारा होज, दुसऱ्या टोपीवर फिल्टर. ही रिकामी नळकांडीच आवाज गिळते. आत फोम कोंबू नका, त्याचा चुरा सिलिंडरमध्ये जातो. होजचं भोक मूळ तोंडापेक्षा लहान नको, नाहीतर मशीनचा दम कोंडतो. फिल्टरचं तोंड खाली करून शेडबाहेर, काकूंच्या विरुद्ध बाजूला काढा. रंगाची धूळ आत जाणार नाही हा वरचा फायदा. थिनरची वाफ भरलेल्या खोलीत प्रेशर स्विचची ठिणगी नको, म्हणून मशीनही गनपासून लांब, जमलं तर भिंतीपलीकडे ठेवा.

पायांखाली जाड रबरी पॅड घाला. त्याआधी चारही पाय सारखे टेकतात का बघा. एक पाय अधांतरी असला की टाकी ढोलासारखी वाजते. पाय आवळून बोल्ट करू नका, आणि टाकी पत्र्याला टेकू देऊ नका. पत्र्याचं शेड म्हणजे कर्णाच लावल्यासारखं.

एवढं करूनही टक्-टक् ऐकू आली तर ती दाबायच्या मागे लागू नका. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक क्रँककेसवर (ऑइल भरलेल्या खालच्या डब्यावर), मूठ कानामागच्या हाडाला. हात पट्ट्यापासून लांब. ठोका आतून असेल तर कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग गेलंय. बाहेरून असेल तर पुलीची चावी (पुलीला शाफ्टवर घट्ट धरणारी पट्टी) किंवा पट्ट्याची जाळी सैल आहे. जाळी काढून मात्र चालवू नका.

पाण्याचं गणित साधं आहे. आपल्याकडच्या पावसाळी हवेत घनमीटरमागे २० ग्रॅमच्या आसपास वाफ असते. ८ किलोला तुमच्या टाकीत ९०० लिटर हवा कोंबली जाते. ती थंड झाली की १५ ग्रॅमच्या आसपास पाणी तळाला बसतं, म्हणजे चहाचे तीन चमचे, आणि तेही एका भरण्यात. दिवसभर गन चालली तर पेलाभर सहज. रोज संध्याकाळी थोडं प्रेशर असतानाच तळाचा कॉक उघडा, तांबूस पाणी थांबेपर्यंत. पाणी गाळणारा फिल्टर कॉम्प्रेसरला चिकटवून लावलात तर हवा गरमच असते, वाफ तशीच पुढे जाते. तो लांब, गनजवळ लावा.

आणि रात्री १० नंतर मशीन बंद. निवासी भागात तेव्हा कायद्याची मर्यादा ४५ डेसिबल आहे, दिवसा ५५. रात्री डोळे आखायला बसा, त्याला ब्रश लागतो.

प्रश्न : कॉम्प्रेसरचं ऑइल दुधासारखं पांढरं झालंय. मोटरसायकलचं शिल्लक ऑइल घातलं तर चालेल?
— निपाणी

उत्तर : नाही. पांढरं म्हणजे त्यात पाणी मिसळलंय. मशीन दोन मिनिटं चालवून बंद करत असाल, ते तापतच नाही. ऑइल बदला, कॉम्प्रेसरचंच घ्या, आणि ऑइलची पातळी दाखवणाऱ्या काचेच्या निम्म्यापर्यंतच भरा. जास्त झालं की हवेबरोबर वर येतं आणि रंगावर डोळे, म्हणजे गोल खळगे, पडतात. आठवड्यातून एकदा तरी अर्धा तास सलग चालवा.

प्रश्न : टाकीला तळाशी सुईएवढं भोक पडलंय. वेल्डिंग करून घेऊ?
— खानापूर

उत्तर : नको. भोक सुईएवढं दिसतं, खरं आजूबाजूचा पत्रा आतून कागदासारखा झालेला असतो. ठिगळाशेजारी टाकी फाटेल, आणि कोंडलेली हवा फाटते तेव्हा पत्रा उडतो. हेड आणि मोटर काढून नवीन टाकीवर चढवा. जुनीला ग्राइंडरनं मोठं भोक पाडून मगच भंगारात द्या, नाहीतर कुणीतरी रंग मारून परत विकेल.