व्हॉल्व्हला दोष देण्याआधी

या वेळचे जवळपास सगळे प्रश्न एकाच जातीच्या सेटबद्दल आहेत: साठच्या दशकातला, अमेरिकेहून आलेला, चार ईएल८४ आउटपुट व्हॉल्व्हचा (स्पीकरला ताकद देणाऱ्या काचेच्या नळ्या) एफएम स्टिरिओ रिसीव्हर. त्यामुळे उत्तरं एकमेकांना जोडून वाचावीत.

त्याआधी एक ताकीद. या सेटच्या चेसिसखाली (धातूच्या सांगाड्याखाली) ३०० ते ३५० व्होल्ट डीसी असतात आणि प्लग काढल्यावरही ते डीसी सपाट करणाऱ्या फिल्टर कंडेन्सरमध्ये टिकून राहतात. १० किलोओहम, १० वॅटच्या रेझिस्टन्सला क्लिपवाल्या वायर लावून ठेवा. तो कंडेन्सरच्या प्लस टोकापासून चेसिसपर्यंत दहा सेकंद धरा आणि व्होल्टेज १० च्या खाली आल्याचं मीटरवर बघूनच हात घाला. स्क्रूड्रायव्हर टेकवून ठिणगी पाडायची सवय मोडा.

प्रश्न : सेट वीस वर्षं माळ्यावर पडून होता. मागच्या पट्टीवर ‘११७ व्होल्ट, ६० सायकल’ असं आहे. बाजारात मिळतो तो ११० चा छोटा कन्व्हर्टर लावून सुरू करून बघू का? (एक वाचक, सातपूर)

उत्तर : नको. प्रवासात दाढीच्या मशीनसाठी वापरतात ते हलके कन्व्हर्टर वेव्ह कापून व्होल्टेज कमी करतात; ट्रान्सफॉर्मरला ते चालत नाहीत. ३०० व्हीएचा, दोन वेगळ्या वाइंडिंगचा स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर गुंडाळून घ्या. एकाच वाइंडिंगचा ऑटो स्वस्त पडतो, पण त्यात मेन्सपासून सुटका नसते. गुंडाळून घेताना २३० ला ११७ असं सांगू नका, २४० ला ११० सांगा. रात्री उशिरा घरातला व्होल्टेज २४५ दिसला, तरी सेटला ११२ च मिळतील. शिवाय ६० सायकलचा ट्रान्सफॉर्मर ५० वर चालवला की तेवढ्याच व्होल्टेजला त्याच्या पत्र्यांवर वीस टक्के जास्त फ्लक्स येतो आणि तो तापतो. थोडं कमी देणं बरं. व्हॉल्व्हच्या हीटरवर (आतल्या तापणाऱ्या तारेवर) ५.९ ते ६.६ व्होल्ट एसी मिळाले की पुरे.

आता पहिली सुरुवात सिरीज बोर्डावर, म्हणजे वाटेत बल्ब टाकून. बल्ब फिलामेंटचाच हवा, एलईडीचा उपयोग नाही. सगळे व्हॉल्व्ह काढा (कुठला कुठे होता याचा फोटो आधी काढा), स्टेपडाउनच्या अलीकडे ६० वॅटचा बल्ब सिरीजमध्ये टाका. क्षणभर उजळून तो जवळजवळ विझला पाहिजे. तसाच पेटून राहिला तर पॉवर ट्रान्सफॉर्मर किंवा हीटरच्या वायरिंगमध्ये शॉर्ट आहे, तिथेच थांबा. इथपर्यंत ठीक असेल तर व्हॉल्व्ह परत बसवण्याआधी फिल्टर कंडेन्सर बदलून टाका. साठ वर्षांचा इलेक्ट्रोलिटिक (फिल्टर कंडेन्सर याच जातीचे) हळूहळू व्होल्टेज चढवून जिवंत करता येतो म्हणतात. येतोही, पण भरवसा नाही, आणि तो गेला तर सोबत पॉवर ट्रान्सफॉर्मर नेतो. ते परवडत नाही.

जुना कॅन (कंडेन्सरचा डबा) दिसायला जागेवर ठेवा, पण त्याच्या वायर पूर्ण सोडवा. त्याला समांतर नवा जोडणं म्हणजे गळक्या माठाशेजारी दुसरा माठ ठेवणं. नवे ४५० व्होल्टचे, १०५ डिग्रीचे घ्या. रेक्टिफायर (एसीचा डीसी करणारा) ईझेड८१ व्हॉल्व्ह असेल तर त्याच्यापुढचा पहिला कंडेन्सर ५० मायक्रोफॅरडच्या वर नेऊ नका. ४७ चा मिळतो, तोच लावा. १०० लावला तर दर सायकलला चार्जिंगचा झटका वाढतो आणि रेक्टिफायरमध्ये ठिणग्या पडतात.

मेन्सच्या वायरीपासून चेसिसला गेलेला कागदी कंडेन्सर दिसला तर कापून टाका. हात लावल्यावर झिणझिण्या येतात त्या त्याच्यामुळेच. तीन पिनांचा प्लग लावून चेसिस अर्थ करा. मग व्हॉल्व्ह बसवा, स्पीकर जोडा (लोडशिवाय असा सेट चालवला तर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जातो), सिरीजमध्ये २०० वॅट टाकून बघा आणि सगळं शांत असेल तरच थेट लावा.

आणि हो, त्याच्यासोबत अमेरिकन रेकॉर्ड प्लेअर असेल तर स्टेपडाउनने फ्रिक्वेन्सी बदलत नाही. ६० सायकलची मोटर इथे ३३⅓ ऐवजी सुमारे २७.८ फेऱ्यांनी फिरेल. पुली बदलावी लागते.

प्रश्न : दहा-पंधरा मिनिटांनी उजव्या चॅनेलच्या एका ईएल८४ ची प्लेट लाल होते आणि आवाज फाटतो. चारही व्हॉल्व्ह नवे आणून लावले. दोन दिवस बरं चाललं, पुन्हा तेच. अजून एक संच मागवावा का? (एक वाचक, गंगापूर रोड)

उत्तर : मागवू नका, आधीचा संचच विनाकारण आणला. प्लेट लाल होणं ही व्हॉल्व्हची तक्रार असते, गुन्हेगार बहुधा चेसिसखाली बसलेला असतो. ईएल८४ च्या प्लेटला १२ वॅटची मर्यादा आहे. ती ओलांडली की धातू लाल दिसतो.

लाल होणारा व्हॉल्व्ह आणि डाव्या चॅनेलचा एक व्हॉल्व्ह यांची अदलाबदल करा. लाली व्हॉल्व्हबरोबर डावीकडे गेली तर व्हॉल्व्ह वाईट. ती त्याच सॉकेटवर राहिली तर संशय कपलिंग कंडेन्सरवर, म्हणजे आधीच्या ईसीसी८३ या सिग्नल वाढवणाऱ्या छोट्या व्हॉल्व्हच्या प्लेटपासून ईएल८४ च्या ग्रिडपर्यंत (करंटवर ताबा ठेवणाऱ्या जाळीपर्यंत) येणाऱ्या कागदी कंडेन्सरवर.

तो कसा फसवतो ते पाहा. एका बाजूला २०० व्होल्ट, दुसऱ्या बाजूला ग्रिड आणि ग्रिडपासून चेसिसला ४७० किलोओहमचा रेझिस्टन्स. कंडेन्सरमध्ये २० मेगओहमची गळती असेल तर १० मायक्रोअँपिअरच्या आसपास करंट जातो. म्हणायला काहीच नाही, पण त्या ४७० किलोओहमवर साडेचार व्होल्ट उभे राहतात. जिथे शून्य हवं तिथे ग्रिड साडेचार व्होल्ट प्लस! म्हणून करंट वाढतो आणि प्लेट लाल होते. साध्या मीटरने ओहमवर तपासला तर हाच कंडेन्सर ‘ठीक’ दिसतो, कारण मीटर त्याला दोन-तीन व्होल्टच देतो. शिवाय तो गरम व्हॉल्व्हच्या शेजारी असतो आणि तापला की गळती वाढते. दहा मिनिटं का लागतात, त्याचं उत्तर इथेच आहे.

म्हणून मोजणी चालू सेटवर करायची. सेट बंद असताना मीटरची क्लिप त्या सॉकेटच्या २ नंबरच्या पिनला लावा, दुसरी चेसिसला. सुरू करा, हात खिशात. पंधरा मिनिटांनी शून्याच्या वर अर्धा व्होल्ट जरी चढला तरी बंद करा, तो एकच व्हॉल्व्ह काढा आणि पुन्हा सुरू करा. व्हॉल्व्ह नसतानाही व्होल्टेज टिकला तर कंडेन्सर. गेला तर व्हॉल्व्हच्या आत गॅस आहे किंवा ग्रिडमधून करंट येतोय.

एक गळला म्हणजे बाकीचे तीन रांगेतच आहेत. चारही बदला. मूल्य जुन्यावर लिहिलेलं तेच, ०.०२२ पासून ०.१ मायक्रोफॅरडपर्यंत काहीही असू शकते. नवा पॉलिप्रॉपिलीन, ६३० व्होल्ट. ‘खास ऑडिओ’ म्हणून दहापट भावाने विकतात ते घेण्यात अर्थ नाही.

मग कॅथोड (व्हॉल्व्हमधला करंट जिथून चेसिसकडे जातो ते टोक) बघा. दोन व्हॉल्व्हमध्ये एकच १३० ओहमचा रेझिस्टन्स असेल तर त्यावर १० ते ११ व्होल्ट यावेत, म्हणजे जोडीत ८० मिलीअँपिअरच्या आसपास. रेझिस्टन्स जळून ८० ओहम झाला असेल तर व्होल्टेज कमी दिसेल आणि करंट मात्र वाढलेला असेल. म्हणून सेट बंद करून ओहमही मोजा. त्याला समांतर असलेला छोटा इलेक्ट्रोलिटिक शॉर्ट झाला तर बायस (करंट आवरून धरणारा व्होल्टेज) जवळजवळ शून्यावर येतो. तोही बदलून टाका.

प्रश्न : सतत घुमल्यासारखा आवाज येतो. (नाशिकरोड)

उत्तर : व्हॉल्यूम पूर्ण बंद करा. तरीही राहिला तर पॉवर सप्लाय किंवा आउटपुट. व्हॉल्यूमबरोबर वाढत-कमी होत असेल तर पुढचे टप्पे. फोनवर स्पेक्ट्रम दाखवणारं ॲप असेल तर बघा: १०० हर्ट्झ ठळक असेल तर फिल्टर कंडेन्सर दमले आहेत, ५० असेल तर हीटरची वायर, अर्थिंग किंवा एखाद्या ईसीसी८३ मध्ये हीटर-कॅथोड गळती.

प्रश्न : आकाशवाणी नाशिक १०१.४ वर नीट लागतं, पण आवाज दबलेला वाटतो. आयएफ (रिसीव्हरच्या आतली ठरलेली फ्रिक्वेन्सी) फिरवून बघू का? (इंदिरानगर)

उत्तर : आयएफच्या डब्यांना हात लावू नका. आतले फेराइटचे गाभे साठ वर्षांत चिकटलेले असतात, स्क्रूड्रायव्हरने पिळले की तुकडे होतात, आणि सिग्नल जनरेटरशिवाय १०.७ मेगाहर्ट्झ परत जुळवता येत नाही. दबलेपणाचं कारण निराळं आहे. अमेरिकेत एफएमचा डीएम्फसिस (रिसीव्हरमध्ये वरचे सूर ठराविक प्रमाणात दाबणं) ७५ मायक्रोसेकंद, आपल्याकडे ५०. म्हणून १० किलोहर्ट्झला सुमारे ३ डेसिबल कमी ऐकू येतं. मल्टिप्लेक्सच्या (स्टिरिओचे दोन चॅनेल वेगळे करणाऱ्या भागाच्या) आउटपुटला प्रत्येक चॅनेलचा एक रेझिस्टन्स आणि चेसिसला गेलेला एक कंडेन्सर शोधा. ७५ किलोओहम आणि १००० पिकोफॅरड अशी जोडी असेल तर कंडेन्सर ६८० पिकोफॅरडचा करा. जुना सोल्डरवरून काढून पिशवीत घालून आतच ठेवा.

खरखर कमी करायला मागच्या ३०० ओहमच्या टर्मिनलला चपट्या रिबन वायरचा फोल्डेड डायपोल अँटेना लावा, आडवी लांबी १.४ मीटर.

प्रश्न : पावसाळ्यात स्टेशन फिरवताना कुरकुर होते, आणि हिरवा डोळा (स्टेशन नीट लागलं का ते दाखवणारा) मंदावलाय. (पंचवटी)

उत्तर : गँगच्या (स्टेशन बदलणाऱ्या फिरत्या कंडेन्सरच्या) पात्यांमध्ये बुरशी किंवा धूळ असेल. मऊ ब्रश आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरा, गंज काढायचा तेलकट फवारा नको. पाती वाकवू नका. बेअरिंगला आणि मधल्या स्प्रिंगच्या पत्तीला कॉन्टॅक्ट क्लीनरचा एकच थेंब. डोळ्याचा फॉस्फर मात्र झिजलेला आहे, तो पुसून किंवा व्होल्टेज वाढवून परत येत नाही. ईएम८४ (डोळ्याचा व्हॉल्व्ह) दुसरा मिळेपर्यंत डोळा तसाच राहू द्या, सेटच्या आवाजाशी त्याचा संबंध नाही.