वाचकांची विचारणा : हिवाळ्यात चार दिवस वीज गेली तर

प्रश्न : आमचे घर गुहागर तालुक्यात खाडीलगतच्या वाडीत आहे. गेल्या डिसेंबरात पहाटे मोठा आवाज होऊन गेलेली वीज चौथ्या दिवशी संध्याकाळी आली. ना वादळ, ना पाऊस. घरात आम्ही पाच माणसे; सासूबाई ७८ वर्षांच्या असून त्यांना रोज इन्सुलिन लागते. १५० एएच (अँपिअर-तास) बॅटरीचा इन्व्हर्टर पहिल्याच रात्री बसला, बोअरवेलचा पंप बंद आणि पुढे मोबाइलची रेंजही गेली. मुंबईचे भावोजी जनरेटर घ्या म्हणतात. थंडीत अशी वीज का जाते आणि पुन्हा तशी वेळ आल्यास काय करावे?

उत्तर : नेमके कारण तुमच्या भागातील लाइनमनच सांगू शकेल, परंतु निरभ्र थंडी आणि पहाटेचा आवाज या दोन खुणा किनाऱ्यावरील एका नेहमीच्या दुखण्याकडे बोट दाखवतात. पावसाळ्यात विजेच्या खांबांवरील इन्सुलेटर, म्हणजे तारा पेलून वीज खांबात उतरू न देणारे भाग, धुऊन निघतात. पाऊस सरला की समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्याबरोबर त्यांवर खाऱ्या पाण्याचे कण आणि धूळ साचत जाते. हा थर कोरडा असेपर्यंत फारसे बिघडत नाही, मात्र पहाटे दहिवर पडून तो ओला झाला की मिठातून विद्युतप्रवाह वाहू लागतो, ठिणगी उडते आणि कधी इन्सुलेटरच फुटतो. ३ जून २०२० रोजी आलेल्या निसर्ग चक्रीवादळानंतर दापोली, मंडणगड, श्रीवर्धन या भागांतील अनेक गावे कित्येक दिवस अंधारात होती, त्यामुळे वीज जाणे म्हणजे वादळ असे समीकरण आपल्या मनात बसले आहे. पण मार्गशीर्षातील दहिवरही पुरेसे असते.

जनरेटरचा विचार करण्याआधी पाण्याचा करावा, कारण अंधार सोसता येतो, पाण्यावाचून दुसऱ्या दिवशीच घर अडते. १ अश्वशक्तीचा पंप चालताना किमान ७५० वॅट घेतो आणि सुरू होतानाच्या क्षणी त्याच्या कित्येक पट, म्हणून घरगुती इन्व्हर्टरला तो पेलत नाही. बोअरवेलमध्ये पोहरा सोडता येत नाही, हे तिचे मोठेच वैगुण्य आहे. परड्यात जुनी विहीर असेल तर ती उपसून घ्यावी, रहाटाची कप्पी आणि दोर दिवाळीपूर्वी तपासावा. विहीर नसल्यास रोज रात्री निजण्यापूर्वी गच्चीवरील टाकी भरून ठेवण्याची शिस्त लावावी. १००० लिटरची टाकी पाच माणसांना काटकसरीने चार दिवस पुरते.

आता इन्व्हर्टर. १२ व्होल्ट आणि १५० एएच म्हणजे कागदावर १८०० वॅट-तास. लेड-ॲसिड बॅटरी निम्म्याखाली वारंवार उतरवू नये आणि काही वीज इन्व्हर्टरमध्येच खर्ची पडते, तेव्हा हाती साधारण ७५० वॅट-तास येतात असे धरावे. त्यावर पंखा, दूरदर्शन संच आणि चार दिवे लावले तर रात्र सरण्याआधीच ती आटते. थंडीत पंखा लागत नाही, ही मोठी सवलत आहे. ९ वॅटचे दोनच एलईडी दिवे संध्याकाळी पाच तास लावले आणि उरलेल्या वेळी इन्व्हर्टर बटणावरून बंद ठेवला (नुसता चालू ठेवला तरी तो थोडी वीज खातो), तर तीच बॅटरी चार रात्री साथ देईल. मोबाइल मनोऱ्याच्या बॅटऱ्याही काही तासांतच संपतात, म्हणून वीज गेल्याबरोबर आवश्यक फोन करून घ्यावेत आणि १९१२ या क्रमांकावर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक कॅलेंडरवर लिहून ठेवावा. वीज कायदा २००३ च्या कलम ५७ नुसार दुरुस्तीस ठरलेल्या मुदतीपेक्षा अधिक विलंब झाल्यास ग्राहकाला भरपाई मागता येते आणि तेव्हा हा क्रमांक उपयोगी पडतो.

सासूबाईंच्या इन्सुलिनबाबत घाबरून जाऊ नये. वापरात असलेली बहुतेक इन्सुलिने खोलीच्या तापमानात सुमारे चार आठवडे टिकतात. तापमानाची मर्यादा आणि नेमके दिवस वेष्टनावर असतात, ते डॉक्टरांकडून आजच समजून घ्यावे. न उघडलेल्या बाटल्यांसाठी पसरट मडक्यात चार बोटे पाणी घालून त्यात घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा ठेवावा, मडक्याभोवती ओले फडके गुंडाळावे आणि ते वाऱ्याच्या पण सावलीच्या जागी ठेवावे. आषाढातील दमट हवेत हा उपाय जेमतेम चालतो, पौषातील कोरड्या हवेत उत्तम चालतो. बाटली बर्फाला टेकवू नये. गोठलेले इन्सुलिन निकामी होते.

फ्रीज वारंवार न उघडल्यास चार तास गारवा धरतो, भरलेला फ्रीजर सुमारे दोन दिवस. माझ्या घरी एकदा मे महिन्यात साठवलेला हापूसचा रस असाच वितळू लागला, तेव्हा तो गार असतानाच काढून आटवला आणि थंडीच्या कडक उन्हात ताटांवर त्याची साठे घातली. जानेवारीतली आंबापोळी पाहून शेजारच्या काकू चकित झाल्या. सुरमईचे तुकडे मात्र मीठमसाला लावून त्याच दिवशी तळून संपवावेत.

जनरेटर एका घरासाठी घेणे मला पटत नाही. वाडीतील चार-पाच घरांनी मिळून घेतला तर पाळीपाळीने टाक्या भरता येतील. तो पडवीत कदापि ठेवू नये. त्याच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि थंडीमुळे खिडक्या लावलेल्या घरात तो जीव घेतो. तसेच चेंजओव्हर स्विच (घराला एका वेळी महावितरणची किंवा जनरेटरची, एकच वीज जोडणारा खटका) बसवल्याशिवाय तो घराच्या वायरिंगला जोडू नये, अन्यथा उलट गेलेल्या विजेने खांबावर चढलेल्या लाइनमनचा घात होईल.

प्रश्न : वीज परत आली त्याच क्षणी आमचा फ्रीज जळाला. हे टाळता येते का? (देवगडचे एक वाचक)

उत्तर : येते. वीज जाताच फ्रीज, पंप आणि टीव्ही यांची बटणे बंद करावीत व एकच दिवा चालू ठेवावा. वीज आल्यावर पंधरा मिनिटे त्या दिव्याकडे लक्ष द्यावे. तो मिणमिणत असेल तर दाब कमी आहे, थांबावे. तो नेहमीपेक्षा फार प्रखर दिसला किंवा एका खोलीत मंद आणि शेजाऱ्याकडे लख्ख असा प्रकार आढळला, तर न्यूट्रल (वीज परत नेणारी तार) तुटल्याची शंका घ्यावी; अशा वेळी २३० ऐवजी ४०० व्होल्टच्या जवळपास दाब घरात शिरू शकतो. तत्काळ मेन स्विच बंद करून लाइनमनला बोलवावे.